निरोगी झोपेचा नमुना

झोपेवर संशोधन करायला शिकणाऱ्या नव्या मुलांना निरोगी झोपेचा नमुना हवा होता. त्यासाठी डॉ. विशाखा स्वतःच अमरावतीच्या आपल्या प्रयोगशाळेत झोपली. अकोटच्या घरी अंथरुणाला खिळलेले बाबा वारल्यापासून आपल्याला शांत झोप लागते, असं ती सगळ्यांना सांगत असे.

सकाळी सगळ्यांनी मिळून चित्रीकरण पाहिलं. गाढ झोपेतच विशाखा उठून बसली. तिने शेजारचा लोड दोन्ही हातांनी हळूच वळवला, त्यावरून हात फिरवला आणि पुन्हा आडवी झाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

त्या नव्या मुलांपैकी नागसेनला हसू आवरेना. "मॅडम, लोडाले काहून लोळवून राहिल्या तुमी?"

"एकाच कुशीवर फार वेळ ठेवलं तर जखमा होतात त्यायले," ती बोलून गेली. मग म्हणाली, "नमुना दुसऱ्या कोणाचा तरी घे."