अध्यक्षांचा उघडा टॅब

माफीनामा सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी गेला, तेव्हा ज्यांच्या नावाने तो गेला ते इमारतीच्या समितीचे अध्यक्ष प्यो ग्वांग-सू कोपऱ्यावरच्या सार्वजनिक स्नानगृहात गळ्यापर्यंत गरम पाण्यात बसले होते. डोक्यावर घडी घातलेला टॉवेल, बाकी काही नाही.

घरी परतताना लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या सो बाई कमरेत वाकल्या.

"अध्यक्षसाहेब, वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. एवढं मोठं मन!"

ओल्या आणि सुक्या कचऱ्याच्या नव्या सूचनेबद्दल बोलत असतील, असं वाटून प्योंनी मान डोलावली. सूचना चांगलीच लिहिली होती त्यांनी.

घरी टॅब जेवणाच्या टेबलावर पडला होता, नेहमीसारखा उघडा. त्याला ना आकडे लागत, ना बोटाचा ठसा. "मला काय लपवायचंय? माझा टॅब कोणीही उघडा, कधीही उघडा," हे वाक्य प्यो समितीच्या प्रत्येक बैठकीत एकदा तरी ऐकवत. सुनेचा मोबाईल ठशाशिवाय उघडत नाही म्हणून चुसोकच्या सणाला, भरल्या ताटावर, "आली बघा बँकेची तिजोरी" असं म्हणून तिला रडकुंडीला आणलं होतं.

टॅबवर शहाण्णव घरांचा गट उघडा होता. त्यात त्यांच्या नावाने लिहिलं होतं:

'बोंगसाहेब, मी तुमच्यावर खोटा आळ घेतला. फाटकाचा दांडा तुम्ही पाडला नाहीत. गाडी मागे घेताना तो माझ्याकडून मोडला. तुम्ही झोपलाही नव्हतात, उलट "थांबा, थांबा" म्हणून ओरडत होतात. मला माफ करा. यांना कामावरून काढू नये अशी समितीला विनंती. प्यो ग्वांग-सू.'

बोंग म्हणजे फाटकावरचा पहारेकरी. वय एकाहत्तर. दांडा मोडला त्या आठवड्यात फाटकावरचा कॅमेरा बंद होता. त्यामुळे अध्यक्ष म्हणाले तेच खरं ठरलं आणि महिनाअखेरीला बोंगने घरी जायचं, असा ठराव झाला होता.

प्योंची बायको मान-ए ओट्याशी मुळे चिरत होती. त्या दिवशी गाडीत तीच शेजारी बसलेली होती.

"हे तू लिहिलंस?"

"टॅब उघडाच होता," मुळ्यावरून नजर न काढता ती म्हणाली. "कोणीही लिहिलं असेल."

"मी आत्ता खुलासा टाकतो. हे मी लिहिलेलं नाही म्हणून!"

"टाका ना. मग लोक विचारतील, खरं काय झालं? अन् गाडीत मी होते, अहो. मलाच विचारतील."

सुरी खटखट चालत राहिली. प्यो टॅब घेऊन आतल्या खोलीत गेले. आता मात्र कुलूप हवं होतं. त्यांनी कसंबसं ते लावायचं पान शोधलं आणि अंगठा टेकवला. तासभर गरम पाण्यात राहून अंगठ्याचा मनुका झाला होता. टॅबने ठसा घ्यायला नकार दिला. तर्जनी घेतली नाही. मधलं बोटही घेतलं नाही. चौथ्या वेळी टॅब टुणकन वाजला आणि एक निरोप आला: 'असा अध्यक्ष मिळायला भाग्य लागतं.'

मग दुसरा. 'आमच्या मुलांना तुमचं उदाहरण देऊ.' मग टाळ्यांची चित्रं, फुलांचे गुच्छ, वाकून नमस्कार करणारं एक अस्वल. नवव्या मजल्यावरचा हुआंग, जो समितीत त्यांचं एकही वाक्य पुरं होऊ देत नसे, त्यानेही लिहिलं: 'मी आजवर तुम्हाला ओळखलंच नव्हतं.'

प्यो पलंगावर टेकले. पहिल्यापासून पुन्हा वाचलं. दुपारपर्यंत त्यांचा राग उतरला होता आणि संध्याकाळी त्यांना तो माफीनामा बराच जमलेला वाटू लागला. कुलपाचं राहूनच गेलं. उलट टॅब आता दिवाणखान्यात, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा उभा राहिला.

शनिवारच्या बैठकीत ते स्वतःहून बोलायला उठले.

"तीन रात्री डोळ्याला डोळा नाही," ते म्हणाले. आवाज योग्य जागी कापला. "चौथ्या पहाटे उठलो आणि स्वतःलाच म्हटलं, ग्वांग-सू, लिही! एकेक शब्द काळजातून आलाय, मंडळी."

मान-ए तिसऱ्या रांगेत हातातला जवाचा चहा पीत बसली होती. तिने कप खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या, खूप वेळ वाजवल्या. हुआंग तर उभाच राहिला. बोंगचा ठराव एकमताने रद्द झाला.

सोमवारी सकाळी प्योंनी गाडी फाटकाशी मुद्दाम थांबवली. काच खाली केली.

"काय रे बोंग! राहिली ना नोकरी? आभार मानायलासुद्धा आला नाहीस."

"मानले की, साहेब. शनिवारीच येऊन बाईंना नासपतीची पेटी देऊन गेलो."

"बाईंना? तिचा काय संबंध? माफी कोणी मागितली?"

बोंगने टोपी काढली आणि अदबीने मान झुकवली.

"त्यात मला 'तुम्ही' म्हटलं होतं, साहेब. पहिल्याच ओळीत अख्ख्या बिल्डिंगला कळलं."