खालच्या बर्थवरची उशी

वीस वर्षं धक्क्याला गंजत पडलेल्या रशियन अणुपाणबुडीतला खलाशांचा झोपायचा कप्पा तोडकामावरच्या येफिमने भर दुपारी कापून उघडला. आतून शिळ्या घामाचा असा भपकारा आला, की जेवणातलं कोबीचं सूप त्याच्या घशाशी आलं.

तोडकामाचा खर्च उचलणाऱ्या नॉर्वेची तपासनीस इंग्विल्ड त्याच्या मागोमाग आत शिरली. कप्पा रिकामा असल्याची तिची सही झाली, की येफिम तो तोडायला मोकळा होणार होता. तिच्या हातातलं किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र गप्प होतं.

खालच्या बर्थवरची उशी मधोमध दबली होती. येफिमने ती उचलायला हात घातला आणि झटकन मागे घेतला. हातमोज्यावरून लाळेची चिकट तार लोंबत होती. आतल्या बोटांनाही ती कोमट लागली.

"उंदीर असेल," इंग्विल्ड मोडक्या रशियनमध्ये म्हणाली.

"उंदराला एवढी लाळ सुटते होय, बाई? करा सही आणि चला. मला ओकारी येतेय."

तिने कागदावर पेन टेकवलं, पण ते पुढे सरकेना. उशीवरचा ओला डाग दोघांच्या डोळ्यांदेखत पसरत होता. मग उशीतला खळगा सावकाश सरकला, जणू कुणी झोपेतच कूस बदलून त्यांच्याकडे वळलं.