वरची सात

लेकीचं एक वागणं आईच्या डोक्यात जायचं. कुणी गोड बोलून "एवढं करून द्या" म्हटलं की ही मान डोलावणार, आणि मग घरात मनगट चोळत बसणार.

आताही तेच. करारात चोवीस चित्रं लिहिली होती. पुस्तकवाल्याने "एवढं एकच हो" करत करत एकतीस काढून घेतली आणि पैसे दिले चोवीसचे. उद्या पुस्तक छापायला जायचं होतं. वरच्या सात चित्रांच्या मोठ्या प्रती अजून लेकीकडेच होत्या. नमुन्याच्या बारक्या प्रतींवर छपाई होत नाही, एवढं आईलाही कळत होतं. खोलीचं दोन महिन्यांचं थकलेलं भाडं त्या सातांतूनच निघायचं होतं.

"लिही," आई खुर्ची ओढून बसली. "ठरली चोवीस, काढली एकतीस. सातांचे पैसे आले की मोठ्या प्रती मिळतील. बास."

"जरा तुटक वाटतं गं."

"मग काय अंगाई म्हणू त्याला?"

लेकीने टाइप केलं, वाचून दाखवलं. बरोबर होतं.

"पाठव."

आई पाणी प्यायला उठली. परत आली तरी लेकीची बोटं चालूच.

"आता काय उरलंय?"

"चुका बघतेय."

मग एकदाचं बटण दाबलं. दोघी फोनकडे बघत बसल्या. लेकीने एक नख संपवलं, दुसरं धरलं.

"चिडले असतील. पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला देतील."

"देऊ दे. फुकट राबायला माणूस मिळतंय का, तेही कळेल त्याला."

पाच मिनिटंही झाली नसतील, फोन वाजला. लेकीने वाचलं, पण आवाज खाली गेला होता. "'मनापासून आभार. तुमच्यासारखी समजूतदार माणसं हल्ली कुठे भेटतात!'"

आईच्या कपाळाला आठी पडली. तिला स्वतःला वाचायचं म्हणजे अक्षराला अक्षर लावत अर्धा तास जायचा. "तू धाडलंस ते काढ. वरचं मला पाठ आहे, खालचं वाच."

लेकीने फोन पालथा ठेवला.

"वाच म्हटलं ना."

"'यावेळी जमत नसेल तर पुढच्या पुस्तकात बघू. छपाई अडू नये म्हणून मोठ्या प्रती सोबत जोडल्या आहेत.'"

"जोडल्या म्हणजे?"

"गेल्या."

आईने खुर्ची उचलून जागेवर नेऊन ठेवली. तेच लेकीला सोसेना. डोळे भरून आले. "चोर आहे मेला! निदान अर्धे तरी देतो म्हणायचं!"

"त्याला चोर म्हणू नकोस," आई म्हणाली. "चोराला कडी तरी काढावी लागते."