सांगलीहून आलेलं इंजिन

ऑनलाइन लिलावात घेतलेलं मॉडेल विमानाचं जुनं इंजिन सांगलीहून गोंदियात पोचलं. विकणाऱ्या बाईंनी लिहिलं होतं: 'दिवंगत पतीचं. बिघडलेलं.' राइस मिलमध्ये जन्म घालवलेल्या खुमेंद्र फिटरनं ते आधी नाकाशी धरलं. आत इंधनातलं एरंडेल डिंकासारखं सुकलं होतं. उडवणारे संध्याकाळी टाकी रिकामी करूनच इंजिन ठेवतात. ज्याला सकाळीच परत उडवायचं असतं, तोच तसंच ठेवतो. खुमेंद्रनं ते तापवून मोकळं केलं, अंगणातल्या बाकाला आवळलं, टाकी भरली आणि पार्सलवरच्या नंबरावर फोन लावला. "बाई, हे बिघडलं नव्हतं जी. तेल सुकून जाम झालतं. आयका." इंजिन किंचाळलं, कोंबड्या पळाल्या. टाकी संपल्यावर इंजिन थांबलं. मग बाई म्हणाल्या, "मी रोज स्वयंपाकघरातून ओरडायचे, 'बंद करा ते!'" खुमेंद्रनं फोन बंद केला नाही. त्यानं टाकी पुन्हा काठोकाठ भरली.