सोमवारचं गाऱ्हाणं

माझे बाबा तोंडवलीच्या देवळात दर सोमवारी गाऱ्हाणं घालतात. ते देवाकडे मागतात आणि जमलेल्या गावाने ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं असतं. पण गाव मुंबईला गेलं, मीसुद्धा. मीच सोय केली: बाबांनी मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं गाऱ्हाणं क्लाउडच्या फोल्डरमधून आपोआप गावाच्या ऑनलाइन ग्रुपवर पडतं. तिथे कोणीच उत्तर देईना, म्हणून कंटाळून उत्तरही आपोआप जाईलसं केलं. आज ऑफिसात बाबांचा थकलेला आवाज ऐकला: “म्हाराजा, माझे पाय आता चालनत नाय. गाऱ्हाणा घालूक कोणाक तरी गावाक धाड.” खाली लगेच उमटलं: व्हय म्हाराजा! दुसऱ्या फाईलमध्ये आवाज हसरा होता: “कोण येतलो रे? नाव सांगा.” व्हय म्हाराजा! तिसऱ्या फाईलमध्ये नुसता देवळातला पंखा बराच वेळ घरघरत होता. तिच्याखालीही उमटलं: व्हय म्हाराजा!