पाकिटाची तक्रार

"हे नको, ताई. मला जुनं पाकीट हवंय."

म्हातारीने पाकिटाचा कोपरा दोन बोटांत धरला होता, मेलेला उंदीर धरावा तसा. ते काउंटरवर ठेवून तिने बोटं रुमालाला पुसली. तक्रारींच्या काउंटरवर बसणाऱ्या ताईने मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. सलग चौथा शनिवार. तीच म्हातारी, तीच निळी पिशवी, तेच पालुपद.

महिन्याभरापूर्वी दुकानाने मांसाची पाकिटं बदलली आणि ताईच्या डोक्याला भुंगा लागला. आधी दुकानाच्या मागच्या खोलीत चार माणसं मांस कापायची, ट्रेमध्ये नीट मांडायची, वरून पातळ प्लास्टिक ताणून चिठ्ठी चिकटवायची. आता लांबच्या कारखान्यातून हवा काढून आवळलेली पाकिटं येत. "खिमा दिलाय की वीट?" असं एकाने विचारलं होतं. एक आजोबा घरच्या कात्रीचे दोन तुकडे घेऊन आले होते. पाकीट शाबूत होतं. "बाहेरून दिसत नाही आणि उघडल्यावर बघवत नाही," असं एक बाई रोज कोणाला ना कोणाला ऐकवून जायची. तक्रारवहीतली पहिली तक्रार तर घरच्याच माणसाची होती. मागची खोली बंद झाली त्या दिवशी कमी केलेल्या चौघांपैकी एकाने ती जाता जाता लिहिली. "नोकरी गेली तरी याची कटकट जात नाही," म्हणून साहेब हसले. ताईने त्या पानावर कारखान्याचं परिपत्रक टाचून टाकलं. वाचलंही नाही. गेलेल्या माणसाची तक्रार वाचून करायचं काय?

"मावशी, मांस तेच आहे हो," ताई म्हणाली. "चवीत काडीचा फरक नाही."

"चवीचं मला काय ठाऊक?"

"म्हणजे?"

"मी खात नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

शिक्का उचललेला ताईचा हात तसाच राहिला. रांगेत कोणीतरी खाकरलं.

"मग दर शनिवारी नेत कोणासाठी होतात?"

"पुलाखालच्या कुत्र्यांना घालायचे. ती बिचारी वाट बघत असतात." म्हातारीने निळ्या पिशवीतून एक लहानसा डबा काढला. झाकण उघडलं. आत जुन्या पाकिटांवरून सोलून काढलेल्या चिठ्ठ्या होत्या, एकावर एक नीट रचलेल्या. प्रत्येकीवर वजन, तारीख आणि खाली बारीक अक्षरात छापलेलं: कापणारा क्रमांक ७.

"हा माझा मुलगा. या कामाला लागला म्हणून त्याच्या बाबांनी त्याला घराबाहेर काढलं. मला गळ्याची शपथ घातली. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं तोंड पाहायचं नाही." वरची चिठ्ठी तिने अंगठ्याने सपाट केली. "नंबर पाहायचा नाही, असं काही म्हणाले नव्हते."

ताईने शिक्का खाली ठेवला.

"तारीख आजची असली की कळायचं, आज उठलाय, कामावर आलाय, हात चालतोय. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. मागे एकदा तीन आठवडे सात नंबर दिसलाच नाही. मग दिसला, तेव्हा मी त्या फ्रिजपाशीच खाली बसले. लोकांना वाटलं, चक्कर आली." तिने नवं पाकीट बोटाच्या टोकाने ताईकडे सरकवलं. "आता तुम्हीच सांगा, यावर त्याचा नंबर कुठे छापतात?"

ताईला सात नंबर आठवला. उंच, कमी बोलणारा. दर शनिवारी सकाळी हात धुऊन बाहेर यायचा आणि लहान पाकिटं आपल्या हाताने पुढच्या रांगेत लावायचा. "हे तुमचं काम आहे का?" असं ताईनेच एकदा त्याला टोकलं होतं. तो नुसता मान हलवून आत गेला होता. आतल्या दाराला काच होती. त्या काचेतून फ्रिजपाशी उभं राहणारं गिऱ्हाईक स्पष्ट दिसे.

"मावशी," ती कशीबशी म्हणाली, "मागची खोली बंद झाली. कापणारे सगळे गेले."

म्हातारी रडली नाही. तिने डब्याचं झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून पुन्हा उघडून लावलं.

"कुठे गेला?"

ताईला माहीत नव्हतं. साहेबांना माहीत नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. देवाने आपल्याला या खुर्चीत नेमकं कशासाठी बसवलं होतं, असा एक विचार तिच्या मनात आला आणि त्याच क्षणी तिची नजर तक्रारवहीवर गेली. चार शनिवार ती वही त्या दोघींच्या मध्येच पडून होती.

तिने पहिलं पान काढलं. परिपत्रकाच्या टाचण्या उपसताना एक बोटात घुसली, तिकडे तिने लक्ष दिलं नाही. नावाच्या रकान्यात नुसता आकडा होता. पत्त्याच्या रकान्यात आडवी रेघ. ताईने खालचा मजकूर वाचला आणि वही फिरवून त्या आईपुढे ठेवली.

'नव्या पाकिटावर कापणाऱ्याचा नंबर नाही. शनिवारी निळी पिशवी घेऊन एक बाई चौकशीला येतील. त्यांना एवढंच सांगावं, सात नंबर बरा आहे.'