कप्तानांची चिठ्ठी

देश आपल्या वीरांना कधीही विसरत नाही. कल्याणच्या दिगंबर कर्णिकांना विसरायला त्याला तीन वर्षं लागली, एवढंच. बावन्न साली विलायतेत देशाकडून कसोटी खेळून आलेले कर्णिक पंचावन्न साली ठाण्याच्या एका कारखान्यात कारकुनाची जागा मागायला गेले.

"कप्तानांची चिठ्ठी दाखवा, लाजत बसू नका," बायकोने बजावलं होतं. "संघाच्या त्या ब्लेझरला ऊन दाखवून पोट भरत नाही."

चिठ्ठी इंग्रजीत होती. संध्याकाळी खेळ संपत आला, की चांगल्या फलंदाजाला जपून ठेवतात आणि गेला तरी चालेल असा गडी पुढे धाडतात. त्याला क्रिकेटात नाइट वॉचमन म्हणतात. कर्णिकांनी ते काम विलायतेत चोख केल्याचं कप्तानांनी मनापासून लिहिलं होतं.

मॅनेजरला क्रिकेटचा गंध नव्हता. त्याने चिठ्ठी दोनदा वाचली.

"विलायतेत नाइट वॉचमन होतात?"

"हो साहेब. दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत जागचा हललो नाही."

"एकटेच?"

"समोरच्या टोकाला कप्तान होते."

"अरे वा, मिलिटरीचे! आणि तुमच्या वेळात काही गेलं?"

"एकही नाही, साहेब!" कर्णिकांची छाती फुगली.

"अहो, असाच माणूस शोधतोय मी. सोमवारपासून या."

नेमणूकपत्र मराठीत आलं.



हुद्दा: रात्रीचा पहारेकरी. दंडुका ज्याचा त्याने घरून आणावा.